घणाकडून गिरमिटाकडे : खोल पायाच्या पाइल-विंधनाचा इतिहास आणि मुंबईचा अनुभव

सारांश

वास्तूचा भार जमिनीच्या वरच्या थराला पेलवत नसेल, तर तो खोलवरच्या दृढ थरापर्यंत नेण्यासाठी पाइलचा अवलंब केला जातो. पाइल जमिनीत बसविण्याच्या पद्धती दोन : आघाताने ठोकणे आणि जमीन विंधून त्या छिद्रात काँक्रीट ओतणे. प्राचीन काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पहिल्या पद्धतीचे प्राबल्य होते, तर विसाव्या शतकात दुसरी पद्धती क्रमाने पुढे आली. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला असून भारतीय विहीर-पाया, दाबयुक्त हवेचे केसॉन, शिकागोचे हाताने खोदलेले खांब, बेंटोनाइटचा वापर, काळ्या मातीसाठी रुरकीत विकसित झालेले पाइल आणि मुंबईच्या बेसाल्टमधील विंधन असे त्याचे टप्पे मांडले आहेत. हे स्थित्यंतर केवळ यंत्रांच्या प्रगतीमुळे घडले नाही. शेजाऱ्याचा हक्क, कामगाराचे आरोग्य आणि स्थानिक भूस्तर यांचा त्यात निर्णायक वाटा होता, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : खोल पाया, विंधन पाइल, विहीर-पाया, केसॉन, बेंटोनाइट, दख्खनचा बेसाल्ट, मुंबई

१. प्रस्तावना

स्थापत्याचा इतिहास बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या भागाचा इतिहास असतो. घुमट, कमानी, मनोरे आणि झुलते पूल यांवर विपुल लेखन झाले आहे, परंतु या सर्वांना तोलून धरणारा पाया मातीआड राहतो आणि इतिहासलेखनातही तो उपेक्षितच राहिला आहे. पाया कळसाआधी रचला जातो, पण त्याची आठवण होते ती वास्तूला तडा गेल्यावर.

पाया उथळ किंवा खोल असतो. वरचा थर भक्कम असेल तेथे भिंतीखाली रुंद पाया घालून भागते. जेथे दलदल, भराव किंवा गाळ असतो तेथे भार खाली नेणे अपरिहार्य ठरते. हे काम पाइल करते. मराठी पारिभाषिक लेखनात 'स्थूणा' असाही शब्द आढळतो, तथापि बांधकामाच्या जागेवर 'पाइल' हाच शब्द रूढ असल्याने प्रस्तुत निबंधात तोच वापरला आहे. पाइल आपला भार दोन मार्गांनी जमिनीला देते : टोकाशी असलेल्या कठीण थरावर टेकून आणि आपल्या अंगाला भिडलेल्या मातीशी होणाऱ्या घर्षणातून.

ठोकलेल्या आणि विंधलेल्या पाइलमध्ये एक मूलभूत भेद आहे. ठोकताना प्रत्येक घावाला पाइल किती खाली उतरते हे दिसते. म्हणजे ठोकणे हीच एक प्रकारची चाचणी असते. या निरीक्षणावरून भारक्षमता काढण्याची सूत्रे एकोणिसाव्या शतकात रचली गेली आणि त्यांपैकी अमेरिकन अभियंता ए. एम. वेलिंग्टन याचे १८८८ मधील सूत्र दीर्घकाळ प्रचारात राहिले. विंधन पाइलमध्ये जमिनीचे हे उत्तर मिळत नाही. छिद्र पाडले, सळ्यांचा पिंजरा सोडला, काँक्रीट ओतले. आत काय घडले ते कोणी पाहिलेले नसते. असे असूनही जगभरच्या महानगरांनी ही दुसरी पद्धती का स्वीकारली, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) पाइल-बांधणीतील आघाताकडून विंधनाकडे झालेल्या स्थित्यंतराचे टप्पे निश्चित करणे, (आ) या स्थित्यंतरामागील सामाजिक व भूस्तरीय कारणांचा शोध घेणे, (इ) भारतातील, विशेषतः मुंबईतील, अनुभवाचे या इतिहासातील स्थान तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. ठोकण्याची परंपरा

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील आपल्या वास्तुशास्त्रविषयक ग्रंथात मऊ जमिनीसाठी स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. धुरकटवून जाळलेले आल्डर, ऑलिव्ह किंवा ओक वृक्षांचे सोट जवळजवळ ठोकावेत आणि मधल्या जागेत कोळसा भरावा, असे तो सांगतो. त्याच काळात, इ. स. पू. ५५ मध्ये, ज्युलिअस सीझरने ऱ्हाइन नदीवर लाकडी सोट ठोकून अवघ्या दहा दिवसांत पूल उभारला. व्हेनिसमधील रिआल्तो पूल (१५८८–१५९१) सुमारे १२,००० लाकडी सोटांवर उभा आहे आणि चार शतकांनंतरही तो वापरात आहे.

पाण्याखाली सतत बुडालेले लाकूड कुजत नाही, कारण कुजविणाऱ्या बुरशीला प्राणवायू मिळत नाही. भूजलाची पातळी खाली गेली, की मात्र सोटांचे माथे उघडे पडतात आणि कुजू लागतात. भराव घालून वसविलेल्या बॉस्टनच्या बॅक बे भागातील जुन्या वास्तूंना हाच धोका संभवतो आणि तेथे भूजलपातळीवर लक्ष ठेवावे लागते. भूजल उपसणारा एक जण असतो आणि पाया गमावणारा दुसराच, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी.

बाष्पयुगाने घणाला नवे बळ दिले. जेम्स नॅस्मिथ याने १८४२ मध्ये बाष्पघणाचे एकस्व घेतले आणि १८४५ मध्ये डेव्हनपोर्ट येथील गोदीच्या कामात त्याच तत्त्वावरील पाइल ठोकण्याचे यंत्र वापरात आले. कामाचा वेग कित्येक पटींनी वाढला, पण त्याबरोबर आवाज आणि हादराही वाढला. मोकळ्या नदीपात्रात याची कोणाला पर्वा नव्हती. दाट वस्तीच्या शहरात मात्र हाच हादरा पुढे घणाच्या मर्यादा उघड करणारा ठरला.

४. विहीर-पाया : भारतीय परंपरा

ठोकण्याला पर्याय देणारी एक स्वतंत्र परंपरा भारतात फार पूर्वीपासून नांदत होती. विटांचे वर्तुळाकार बांधकाम लाकडी कड्यावर रचायचे, आतली माती उपसायची आणि स्वतःच्या वजनाने ते बांधकाम खाली उतरू द्यायचे, ही विहीर-पायाची पद्धती होय. यमुनाकाठचा ताजमहाल अशाच विहिरींच्या पायावर उभा असल्याचे मानले जाते. विहीर पाणी लागेपर्यंत खणणे आणि पाया पाणी ओलांडून खाली नेणे, या दोहोंमागचे कसब एकच होते. उत्तर भारतात पाण्याखालची वाळू काढण्यासाठी 'झाम' नावाचे मोठे फावडे वापरात होते. पाणबुड्या कामगार बुडी मारून ते वाळूत रोवी आणि वरची माणसे दोराने ओढून घेत.

ब्रिटिश अभियंत्यांनी ही पद्धती टाकून दिली नाही, उलट तिचा विस्तार केला. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावरील सोलानी जलसेतूचा पाया असाच उतरविला गेला. पुढे रेल्वेच्या मोठ्या पुलांसाठी विहीर-पाया हाच राजमार्ग ठरला. पद्मा नदीवरील, आज बांगलादेशात असलेल्या, हार्डिंज पुलाच्या (१९१५) विहिरी सुमारे १६० फूट खोलीपर्यंत नेण्यात आल्या. तोपर्यंत झामाची जागा वाफेवर चालणाऱ्या जबड्याच्या उपसायंत्रांनी घेतली होती. पद्धती देशी राहिली. बुडी मारणारा मजूर आणि त्याचे ज्ञान मात्र हळूहळू कालबाह्य झाले.

पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक प्रयोग झाला. अलेक्झांडर मिचेल याने १८३३ मध्ये मळसूत्री पात्याच्या पाइलचे एकस्व घेतले होते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने मुंबईच्या उत्तरेकडील खाड्या व नद्यांवरील पुलांसाठी बिडाच्या पोकळ नळ्यांचे असे पाइल वापरले आणि १८६४ मध्ये ही रेल्वे मुंबईस पोहोचली. मळसूत्री पाइल ठोकायची नसते, फिरवून उतरवायची असते. या अर्थाने घणाकडून गिरमिटाकडे जाण्याचे ते एक आरंभीचे पाऊल होते.

५. दाबयुक्त हवा आणि तिची किंमत

नदीच्या तळाशी कोरड्यात काम करता यावे म्हणून युरोपात वेगळी वाट शोधली गेली. फ्रेंच अभियंता त्रिजे याने १८४० च्या सुमारास ल्वार नदीकाठच्या कोळशाच्या खाणीसाठी लोखंडी नळीत दाबयुक्त हवा भरून पाणी बाहेर रोखले. हीच कल्पना पुढे पुलांच्या केसॉनमध्ये आली. तळ उघडा असलेल्या प्रचंड पेटीत हवेचा दाब राखायचा आणि आत माणसे उतरवून खोदकाम करायचे, असे तिचे स्वरूप होते.

या पद्धतीची किंमत माणसांनी मोजली. मिसिसिपी नदीवरील सेंट लुईस येथील ईड्स पुलाच्या (१८७४) कामात पाया पाण्याच्या पातळीखाली शंभराहून अधिक फूट न्यावा लागला आणि डझनाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनी ११० बाधितांची नोंद केली आणि या व्याधीस 'केसॉन व्याधी' हे नाव रूढ केले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग स्वतः तिचा बळी ठरून १८७२ मध्ये जायबंदी झाला. पुढील काम त्याने घरातून चालविले आणि जागेवरील सूत्रे बव्हंशी त्याची पत्नी एमिली हिने सांभाळली.

येथे एका निर्णयाचा मुद्दाम उल्लेख करावयास हवा. न्यूयॉर्क बाजूचा केसॉन ७८.५ फूट खोलीवर पोहोचला तेव्हा खाली घट्ट वाळू होती, खडक अद्याप लागलेला नव्हता. आणखी खोल जाणे म्हणजे आणखी मृत्यू, हे स्पष्ट झाले होते. वाळूचा थर युगानुयुगे हललेला नाही असा निष्कर्ष काढून रोब्लिंगने खोदकाम थांबविले. तो पूल १८८३ पासून त्याच वाळूवर उभा आहे. पायाची खोली केवळ गणिताने ठरत नाही. कामगारांच्या जिवाची किंमत हाही त्या हिशेबातील एक घटक असू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये या व्याधीचे कारण म्हणजे रक्तात निर्माण होणारे नायट्रोजनचे बुडबुडे असल्याचे दाखवून दिले. जे. एस. हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये दाब टप्प्याटप्प्याने कमी करण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. विज्ञान कामगारांच्या मदतीला आले, पण पूल बांधून झाल्यानंतर.

६. शेजाऱ्याची छापखान्याची यंत्रे

शिकागो शहर मऊ चिकणमातीवर वसलेले आहे. १८९३ मध्ये ॲडलर आणि सलिव्हन यांनी संकल्पिलेल्या शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीचे काम सुरू झाले, तेव्हा पश्चिमेकडील भिंतीलगत एका वृत्तपत्राचा छापखाना होता. पाइल ठोकण्याच्या हादऱ्याने तेथील छपाईयंत्रे बिघडतील, अशी रास्त भीती होती. तेव्हा अभियंता विल्यम सूय स्मिथ याच्या सूचनेनुसार त्या भिंतीखाली पाइल न ठोकता हाताने गोल खड्डे खोदण्यात आले. दरवेळी काही फूट खोदायचे, उभ्या फळ्या लावायच्या, त्या आतून लोखंडी कड्यांनी आवळायच्या आणि पुन्हा खाली उतरायचे, असा तो क्रम होता. दृढ थर लागल्यावर तो खड्डा काँक्रीटने भरला जाई. ही पद्धती पुढे 'शिकागो केसॉन' म्हणून प्रसिद्ध झाली आणि त्या शहरातील उंच इमारतींचा आधार बनली.

आघाताकडून विंधनाकडे वळण्याचे हे वळण एखाद्या नव्या यंत्रामुळे आले नाही. ते शेजाऱ्याच्या यंत्रांमुळे आले. आधुनिक शहर म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या हितसंबंधांची वस्ती. तेथे आपला पाया घालताना दुसऱ्याचा हलणार नाही, ही अट नव्या तंत्राची जननी ठरली.

याच सुमारास, १८९९ मध्ये, कीव्ह येथे अभियंता स्ट्रॉस याने विंधलेल्या छिद्रात काँक्रीट भरून पाइल तयार करण्याची पद्धती मांडली. बेल्जियमच्या एडगार फ्रँकिन्यूल याने १९०९ मध्ये दोन्ही परंपरांचा मेळ घातला. त्याच्या 'फ्रँकी' पद्धतीत नळी जमिनीत ठोकून उतरविली जाते आणि काँक्रीट जागेवरच भरून तळाशी त्याचा फुगीर कंद ठोकून घडविला जातो.

हाताने खोदलेल्या खांबांना हादरा नव्हता, पण धोका होता. हाँगकाँगमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धती सर्रास वापरली गेली. अरुंद खड्ड्यात ग्रॅनाइट फोडताना उडणारी सिलिकायुक्त धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साचत असे. त्याखेरीज माती ढासळणे, पाणी शिरणे आणि वरून वस्तू पडणे हे धोके होतेच. अखेर १९९५ मध्ये तेथे या पद्धतीवर काही अपवाद वगळता बंदी आली. माणूस छिद्रातून बाहेर आला आणि त्याची जागा यंत्राने घेतली.

७. गिरमिट, चिखल आणि ट्रेमी

यांत्रिक गिरमिटाचा प्रसार अमेरिकेत १९३० च्या दशकात आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. चिकट, स्थिर मातीत गिरमिट सहज चालते. वाळू किंवा गाळ असेल आणि भूजल वर असेल, तर मात्र छिद्र पाडताच त्याच्या भिंती ढासळतात. यावर पहिला उपाय म्हणजे लोखंडी केसिंग उतरविणे. दुसरा उपाय तेलविहिरींच्या अनुभवातून आला. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून छिद्रात चिखलाचे द्रावण खेळविले जात होते.

बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली, पाण्यात फुगणारी माती आहे. तिचे द्रावण छिद्रात भूजलपातळीपेक्षा उंच राखले, की बाहेरच्या पाण्यापेक्षा आतला दाब जास्त राहतो. द्रावणातील पाणी भिंतीच्या मातीत झिरपते आणि मागे राहिलेल्या कणांचा पातळ, जवळजवळ अभेद्य पापुद्रा भिंतीवर बसतो. या पापुद्र्यावर दाब पडल्याने भिंत सावरली जाते. ढवळत असताना हे द्रावण पातळ राहते आणि स्थिर होताच दाट होते, त्यामुळे खोदलेले कण त्यात तरंगत राहतात. अभियंता ख्रिश्चन व्हेडर याने १९५० च्या सुमारास इटलीत या तत्त्वाचा वापर जमिनीखालील भिंतींसाठी केला आणि पुढे तो पाइलच्या कामातही सार्वत्रिक झाला. भारतात कच्छ आणि राजस्थानातून मिळणारे बेंटोनाइट या कामी उपयोगात येते.

द्रावणाने भरलेल्या छिद्रात काँक्रीट वरून ओतले, तर ते द्रावणात मिसळून निकामी होईल. त्यासाठी ट्रेमी नावाची नळी तळापर्यंत नेतात. काँक्रीट तळापासून वर चढत जाते आणि हलके द्रावण वर ढकलले जाते. नळीचे तोंड कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेले असणे ही येथील मुख्य अट आहे. नळी घाईने वर ओढली गेली, तर पाइलच्या अंगात चिखलाचा थर अडकतो. तळाशी साचलेला गाळ काँक्रीट ओतण्यापूर्वी धुऊन काढला नाही, तर पाइल खडकावर न टेकता गाळावर टेकते. दोन्ही दोष वरून दिसत नाहीत. घणाच्या प्रत्येक घावाला मिळणारे जमिनीचे उत्तर येथे नसते. त्याची जागा काम करणाऱ्याची सचोटी आणि नोंदवही घेते.

८. काळी माती आणि रुरकीचे संशोधन

विंधनतंत्र हे केवळ अवजड यंत्रांचेच क्षेत्र आहे, असा समज होऊ शकतो. भारतातील एका संशोधनाने तो खोटा ठरविला आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आढळणारी काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तीवरील हलक्या घरांच्या भिंतींना तडे जातात, हा विदर्भ-मराठवाड्यातील नित्याचा अनुभव आहे. ही हालचाल मुख्यतः वरच्या थरात घडते, सुमारे ३.५ मीटरखाली ओलाव्यात ऋतुमानाप्रमाणे फारसा फरक पडत नाही.

रुरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समस्येसाठी 'अंडर-रीम्ड' पाइलचा विकास केला. हाताने फिरविता येणाऱ्या गिरमिटाने छिद्र पाडायचे, नंतर पाती उघडणारे अवजार तळाशी सोडून तेथील छिद्र पाइलच्या व्यासाच्या साधारण अडीच पट रुंद करायचे आणि त्यात काँक्रीट भरायचे, अशी ही रीत आहे. तळचा कंद स्थिर मातीत नांगरासारखा रुतून बसतो. वरची माती फुगून पाइलला उचलू पाहते, तेव्हा हा कंद तिला धरून ठेवतो. भारतीय मानक आय. एस. २९११ च्या तिसऱ्या भागात या पाइलचे नियम दिलेले आहेत. मोजकी अवजारे आणि चार माणसे यांच्या साहाय्याने होणारे हे विंधन शाळा, दवाखाने आणि लहान घरांच्या आवाक्यातले होते. तंत्राचे मोठेपण यंत्राच्या आकारावर अवलंबून नसते, हे यावरून दिसून येते.

९. मुंबई : गाळाखालचा कातळ

मुंबईचा भूस्तर फसवा आहे. वर भराव, त्याखाली समुद्री चिकणमाती, मग मुरूम आणि झिजलेला खडक आणि त्याखाली कातळ, असा क्रम सामान्यतः आढळतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून घडलेल्या दख्खनच्या बेसाल्टसोबत येथे ब्रेशिया, टफ आणि दोन प्रवाहांमध्ये अडकलेले गाळाचे थरही आहेत. त्यामुळे कठीण लागलेला थर खरा कातळ आहे, सुटा दगड आहे की मऊ थरावरचे पातळ कवच आहे, हे प्रत्येक पाइलगणिक तपासावे लागते. काही मीटर अंतरावरील दोन पाइलच्या खोलीत मोठा फरक पडू शकतो. अशा जमिनीत आधी तयार केलेली ठरावीक लांबीची पाइल ठोकणे गैरसोयीचे ठरते. येथे विंधन ही आवड नाही, भूस्तराने केलेली सक्ती आहे.

दीर्घकाळपर्यंत मुंबईतील पाइलचे काम ट्रायपॉड, विंच, छेणी आणि बेलर या साधनांवर चालले. तीन पायांच्या घोडीवरून जड छेणी वारंवार सोडायची, दगडाचा चुरा करायचा आणि तो बेलरने किंवा द्रावणाच्या प्रवाहाने वर काढायचा, असे हे काम असे. या साध्या पद्धतीतून एक महत्त्वाची कल्पना जन्मास आली. छेणीचे वजन, उंची आणि घावांची संख्या ठाऊक असेल, तर ठरावीक क्षेत्रफळाचा खडक एक सेंटिमीटर भेदण्यास किती ऊर्जा लागली हे काढता येते. ऊर्जा जितकी अधिक, तितका खडक कठीण. के. आर. दात्ये आणि करंदीकर यांनी १९८८ मध्ये मुंबई परिसरातील विंधन पाइलविषयी केलेल्या मांडणीत या अनुभवास शास्त्रीय रूप दिले. घणाकडून गिरमिटाकडे येताना हरवलेले जमिनीचे उत्तर मुंबईच्या अभियंत्यांनी छेणीच्या घावांतून पुन्हा ऐकले, असे म्हणता येईल.

समुद्रातील मोठ्या पुलांनी विंधनाचा पुढचा टप्पा आणला. ३० जून २००९ रोजी उद्घाटन झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या पायात १.५ आणि २ मीटर व्यासाच्या एकूण ६०४ पाइल असून त्यांची खोली सुमारे ६ ते ३४ मीटर इतकी भिन्न आहे. एकाच पुलाखालील हा फरक मुंबईच्या भूस्तराचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा असून त्याच्या, तसेच मुंबई किनारी रस्त्याच्या पायासाठी उलट अभिसरणाची विंधनपद्धती वापरली गेली. नेहमीच्या पद्धतीत द्रावण नळीतून खाली जाते आणि नळीबाहेरच्या जागेतून वर येते. छिद्र रुंद असेल तर वर येणारा प्रवाह मंदावतो आणि दगडाचा चुरा तळाशीच राहतो. प्रवाहाची दिशा उलटविली, की चुरा अरुंद नळीतून वेगाने वर खेचला जातो आणि कापणाऱ्या चकत्यांना स्वच्छ खडक मिळतो.

किनारी रस्त्याच्या सागरी भागात २.५ ते ३.५ मीटर व्यासाच्या एकल पाइलचा अवलंब झाला. प्रत्येक खांबाखाली चार पाइलचा गट घेण्याऐवजी एकच मोठी पाइल घेतल्याने ७०४ ऐवजी १७६ पाइल पुरल्या आणि समुद्रतळाची कमी जागा व्यापली गेली. तरीही शेजाऱ्याचा प्रश्न येथेही उपस्थित झालाच. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून ये-जा करणाऱ्या कोळी बांधवांनी दोन खांबांमधील ६० मीटरचे अंतर नौकांसाठी अपुरे व धोकादायक असल्याचे सांगून दीर्घ लढा दिला. अखेर २०२२ च्या अखेरीस हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. शिकागोत छापखान्याने पायाची पद्धती बदलली होती, वरळीत कोळीवाड्याने पायाची जागा बदलली. फरक इतकाच, की तेथे शेजाऱ्याचा विचार काम सुरू करताना झाला आणि येथे त्यासाठी काम अडवावे लागले.

१०. न दिसणाऱ्यावरचा विश्वास

विंधन पाइलचा सर्वांत नाजूक भाग तिची तपासणी हा आहे. हाँगकाँगमधील शा तिन येथे १९९९ च्या अखेरीस सार्वजनिक गृहयोजनेतील, जवळपास पूर्ण झालेल्या दोन उंच इमारती असमान खचल्याचे उघडकीस आले. तपासाअंती बहुतेक विंधन पाइल ठरलेल्या खोलीपर्यंत नेल्याच गेल्या नसल्याचे निष्पन्न झाले आणि दोन्ही इमारती पाडाव्या लागल्या. कागदावरील खोली आणि जमिनीतील खोली यांत तफावत होती. तंत्र निर्दोष होते, नोंद खोटी होती. लोक राहावयास येण्यापूर्वी ही बाब उजेडात आली, हेच काय ते सुदैव.

या प्रश्नावर शास्त्राने काही उपाय दिले आहेत. पाइलवर प्रत्यक्ष भार ठेवून खचण्याचे मापन करणे, माथ्यावर हलका आघात करून परत येणाऱ्या लहरीवरून अंगातील दोष ओळखणे, पाइलमध्ये आधीच बसविलेल्या नळ्यांतून ध्वनिलहरी आरपार पाठविणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. भारतात विनाविध्वंस तपासणीसाठी आय. एस. १४८९३ हे मानक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि भारचाचणी मोजक्याच पाइलवर होते आणि उरलेल्यांविषयीचा विश्वास जागेवर हजर असलेल्या पर्यवेक्षकाच्या नोंदीवर विसंबतो. किती खोलीवर कोणता थर लागला, तळ किती वेळ धुतला, काँक्रीट किती गेले, नळी केव्हा वर घेतली, या नोंदी म्हणजे त्या पाइलचे एकमेव साक्षीदार असतात.

११. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. आघाताकडून विंधनाकडे झालेले स्थित्यंतर केवळ यंत्रांच्या प्रगतीचे फलित नाही. शिकागोच्या उदाहरणावरून शेजाऱ्याच्या हिताचे रक्षण हे त्याचे एक मूळ कारण असल्याचे दिसते.

२. केसॉन व्याधी आणि फुप्फुसविकार यांनी माणसाला छिद्रातून बाहेर काढण्यास भाग पाडले. मात्र बहुतेक वेळा संरक्षण उशिरा आले आणि त्याची किंमत आधीच्या पिढीतील अनामिक कामगारांनी मोजली.

३. भारत या इतिहासात केवळ तंत्र आयात करणारा देश नाही. विहीर-पाया, काळ्या मातीसाठीच्या अंडर-रीम्ड पाइल आणि छेणीच्या ऊर्जेवरून खडक ओळखण्याची मुंबईतील रीत ही येथील भूमीतून आलेली योगदाने होत.

४. विंधन पाइल जमिनीचे उत्तर ठोकलेल्या पाइलइतक्या सहज देत नाही. त्यामुळे तंत्राइतकेच महत्त्व प्रामाणिक नोंदींना व स्वतंत्र तपासणीला प्राप्त होते.

तंत्रज्ञानाचा इतिहास शिकविताना महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत यंत्रांची यादी आणि शोधकांची नावे यांवर भर दिला जातो. पायाचा इतिहास आणखी काही प्रश्न विचारावयास लावतो. हा खड्डा कोणी खोदला, हादरा कोणाला बसला आणि आत काय आहे याची ग्वाही कोणी दिली? स्थापत्य, भूशास्त्र, वैद्यक आणि इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून विचारावेत असे हे प्रश्न आहेत. मुंबईच्या गाळात आज उतरणारी प्रत्येक पाइल पुढील शंभर वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही. तिच्याविषयी पुढच्या पिढीला जे कळेल ते आज लिहिलेल्या नोंदींतूनच कळेल.